गिरगावचं केंद्र आणि गोवंडीची नोंदवही

१९२१ साली गिरगावात गणिताच्या एका प्राध्यापकाने संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र सुरू झालं तेही त्याच वर्षी, मार्च महिन्यात. एरवी विलायतेतली गोष्ट आपल्याकडे पोचेपर्यंत एक पिढी सरायची. ही तेवढी बरोबरीने आली. प्राध्यापकांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात नोकरी, गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आलेले. केंद्राचं नाव ‘राइट एजन्सी’. सल्ला द्यायचा, साधनं पुरवायची. पाठीशी पत्नी मालतीबाई.

मी जवळजवळ सगळी नोकरी मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या हेल्थ पोस्टवर सिस्टर म्हणून केली. माला-डीची पाकिटं, निरोध, तांबी बसवायची चिठ्ठी, ऑपरेशनची चिठ्ठी हे सगळं माझ्या हातून गेलं. या कामाचा मूळ पुरुष आपल्याच शहरात, ट्रामच्या रस्त्यावर होऊन गेला, हे आमच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक वाचायला घेतले, मग त्या काळातले अहवाल, मग पुढच्या योजनांचे कागद. वाचता वाचता एक गोष्ट पक्की होत गेली. शंभर वर्षांत या शहराने गरीब बाईला साधन दिलं, पैसे दिले, टेबलावर घेतलं, नोंदवहीत चढवलं. तिला बसवून नीट समजावून सांगायचं काम मात्र दर पिढीने पुढच्या पिढीवर ढकललं. आणि जी जी योजना मोडून पडली, ती याच जागी मोडली.

कर्व्यांच्या केंद्रात जाणारी माणसं कोण असतील याचा अंदाज बांधणं कठीण नाही. लिहिता-वाचता येणारी, पत्र पाठवू शकणारी, साधनाला पैसे मोजू शकणारी. गिरगावातून परळ-लालबागला ट्राम जात होती, पण तिथली मुंबई निराळी होती. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. खाजगी चाळीत त्याहून लहान, आणि एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं. १९२१ साली मुंबईत एक खोली किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ अर्भकं दगावली असा आकडा बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या पुस्तकात आहे. आकडा फुगलेला आहे आणि का फुगला तेही समजण्यासारखं आहे. बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म गावी होई, आणि मूल मुंबईला येऊन मरे. माझी आजी अशीच दर खेपेला बोटीने रत्नागिरीकडे जायची. तिची दोन मुलं मुंबईत गेली. गावी जन्मलेल्या त्या मुलांचा मुंबईच्या हिशेबात जन्म नाही, फक्त मृत्यू आहे.

१९२२ मध्ये सरकारने डॉ. बार्न्स या बाईंकडून गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करून घेतली. त्यात एक गोष्ट निघाली: या बायकांच्या १०० तान्ह्या मुलांपैकी ९८ मुलांना अफू दिली जात होती. बाळगोळी. आई कांडी खात्यात नाहीतर रीळ खात्यात दहा तास उभी, मूल घरी म्हातारीपाशी, ते झोपून राहायला हवं. आजही कुणी वाचलं तर त्या बायांना अडाणी म्हणेल. त्या अडाणी नव्हत्या, त्यांच्याकडे पाळणाघर नव्हतं. पुढे १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला पहिला. विधेयक आणलं कौन्सिलातले सभासद आसवले यांनी, आणि १९२८ मध्ये कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू लावून धरली. बाळंतपणाच्या सुट्टीचे पैसे मिळू लागले. दोन बाळंतपणांत अंतर कसं ठेवायचं हे मात्र त्या कायद्याच्या कक्षेत नव्हतं. ते खातं चाळीतल्या म्हाताऱ्यांकडेच राहिलं.

या म्हाताऱ्यांना काहीच कळत नव्हतं असं नाही. आजी म्हणायची, “अंगावर पीत असेपर्यंत दिवस जात नाहीत.” यात तथ्य आहे. मूल सहा महिन्यांच्या आतलं असेल, त्याला आईच्या दुधाशिवाय दुसरं काहीच देत नसतील, रात्रीही पाजत असतील आणि आईची पाळी परत आली नसेल, तर दिवस जाण्याची शक्यता फारच कमी असते. पण यातली एकही अट सुटली की भरवसा संपला. गिरणीत जाणारी बाई दिवसभर मुलापासून लांब, मूल वरच्या दुधावर. आजीचं ज्ञान शेतावरच्या बाईसाठी बरोबर होतं आणि कांडी खात्यातल्या बाईसाठी चूक. ही एक अट कुणीतरी तिला सांगायला हवी होती. नाही सांगितली, म्हणून वर्षाच्या आत पुन्हा दिवस, आणि मग गाजराच्या बियांचा काढा, कच्ची पपई, आणि तेही नाही लागू पडलं तर कुणाच्या तरी खोलीत दार लावून करायचे प्रकार. त्यात मेलेल्या बायकांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत. ‘ताप आला आणि गेली’ एवढंच.

पुरुषांचं शिक्षण भिंतीवर होत होतं. गाळ्यात पंधरा-पंधरा जण भाड्याने राहणारे, बायको गावी, आणि रस्त्यात ‘गुप्तरोगावर खात्रीचा इलाज’ करणाऱ्यांच्या पाट्या. मी नोकरीला लागले तेव्हाही लोकलच्या डब्यात त्याच पाट्या चिकटवलेल्या होत्या. कर्व्यांनी संततिनियमनावरचं पुस्तक १९२३ मध्येच काढलं होतं, गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही लिहिलं. पण वैदूची पाटी फुकट वाचायला मिळायची आणि जाता-येता डोळ्यांसमोर असायची.

कर्व्यांना या कामाची किंमत लगेच मोजावी लागली. १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली. १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं ते १९५३ पर्यंत, म्हणजे कर्वे गेले तोवर, चालत राहिलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे आणि त्यावरून शिव्या पडत. आतला मजकूर पाहिला तर मास्तरकीचा आहे. इंद्रियांची नावं सरळ, साधनांचे गुणदोष सरळ, वाचकांच्या शंकांना एकेका परिच्छेदात उत्तर. नीती सुटली तरी चालेल, हिशेब सुटता कामा नये अशी गणितज्ञाची शिस्त. १९३१ मध्ये अश्लीलतेबद्दल १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला तो तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल कुणी विचारलं होतं, कर्व्यांनी जे ठाऊक होतं ते सांगितलं होतं. या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. माणसाला अडचण आहे, तो विचारतो आहे, आणि लैंगिक विषयावर कुणी लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, असा त्यांचा पवित्रा होता. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, की शिक्षा साधन विकल्याबद्दल झालेली नाही. उत्तर दिल्याबद्दल झालेली आहे.

आंबेडकरांनी विषय तिथे सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत पी. जे. रोहम यांनी एक अशासकीय ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं. मागण्या दोन होत्या: सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा, आणि त्यासाठी लागणारी साधनं व सोयी पुरवाव्यात. ठराव मोठ्या फरकाने पडला. त्यावेळची हवाच तशी होती. तीनच वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींशी बोलून गेल्या होत्या, आणि गांधीजी साधनांना तयार नव्हते. त्यांचा मार्ग संयमाचा. संयम सांगणं सोपं असतं, कारण त्यात शरीराबद्दल काहीच सांगावं लागत नाही.

मग स्वातंत्र्य आलं आणि वारं फिरलं. १९४९ मध्ये मुंबईतच भारतीय कुटुंब नियोजन संघटना निघाली. धनवंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी ती उभी केली. पुण्यात रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतलाबाई हे काम आधीपासून करतच होत्या. १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईत मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, सँगर पुन्हा आल्या, आणि आज जगभर पसरलेला कुटुंब नियोजनाचा आंतरराष्ट्रीय महासंघ त्या परिषदेत जन्माला आला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. इतका खुला सरकारी पाठिंबा तेव्हा दुसऱ्या कुठल्याच देशाने दिलेला नव्हता. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १९५३ मध्ये, कर्वे वारले.

आता सांगायला सरकार होतं. पण सरकारने पहिली निवड केली ती ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याची. म्हैसूरकडच्या रामनगरममध्ये आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन पाहिल्या. रोज एक मणी सरकवायचा. एका रंगाचे मणी धोक्याचे, दुसऱ्या रंगाचे बिनधोक. माळेने दिवस मोजता येतात हे खरं. पण पाळीच्या मधल्या दिवसांत अंगात काय घडतं हे कळल्याखेरीज मोजण्याला अर्थ नाही, पाळी अनियमित असली तर मोजलेलंही फुकट, आणि नवरा कुठल्या रंगाच्या दिवशी ऐकेल हे माळ ठरवत नाही. प्रयोग गुंडाळला गेला.

१९६५ मध्ये लूप आला. प्लॅस्टिकची वेटोळी, गर्भाशयात बसवायची, वर्षानुवर्षं काळजी नको. सुरुवातीला बायका रांगा लावून आल्या. मग रक्त जास्त जाऊ लागलं, कंबर दुखू लागली. पहिले दोन-तीन महिने असं होतं, बहुतेकींचं थांबतं, नाही थांबलं तर परत या, काढून देऊ. एवढी तीन वाक्यं ज्यांना सांगितली गेली नव्हती, त्यांनी अर्थ लावला तो लावला. लूप काळजात चढतो, संबंधात पुरुषाला झटका बसतो, अशा वदंता पसरल्या आणि रांगा आटल्या. पंचवीस वर्षांनी मी तांबीबद्दल बोलायला वस्तीत जायची तेव्हा सासवा मला लूपच्याच गोष्टी सांगायच्या. बाईला साधन विसरता येतं, भीती विसरता येत नाही. ती ती सुनेला देते.

मग पुरुषांची पाळी आली. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रेल्वे स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं उघडली. शहराच्या कुटुंब नियोजनाची सूत्रं तेव्हा डॉ. दत्ता पै यांच्याकडे होती. माणूस दवाखान्यात येत नाही तर दवाखाना माणसाच्या वाटेत न्यावा, ही त्यांची कल्पना, आणि कल्पना म्हणून ती आजही मला चांगली वाटते. कुटुंब नियोजनाच्या लाल तिकोनाखाली टेबल, आत पडदा, ऑपरेशन थोड्या वेळाचं, वर काही रुपये. लोकलमधून उतरलेला माणूस घरी जायच्या आत मोकळा.

आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक काका राहत होते. गिरणीत कामाला, चार मुलं. त्यांनी असंच जाता-येता ऑपरेशन करून घेतलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, पैसे तिच्या हातावर ठेवले. दोन-अडीच महिन्यांत काकूंना दिवस गेले. त्या घरात त्यानंतर जे झालं ते सगळ्या चाळीने ऐकलं. काकूंना माहेरी पाठवलं. मध्ये वडीलधारे पडले, वर्षभराने त्या परत आल्या, पण काका मरेपर्यंत त्या पाचव्या मुलाला त्यांनी कधी कडेवर घेतलेलं मी पाहिलं नाही. पुढे नर्सिंगच्या वर्गात शिकताना एका ओळीत मला त्या घराचा खुलासा मिळाला. नसबंदीत शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बांधतात. पण नळीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. म्हणून ऑपरेशननंतर साधारण तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. एवढंच. काकांना दिलेल्या कागदावर ते छापलेलं असेलही. वाचून कुणी दाखवलं नाही, आणि घाईत असलेल्या माणसाने विचारलं नाही. मी वर्गातून उठून थेट काकूंकडे गेले आणि त्यांना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं गं, मी कुठे गेले नव्हते ते. यांना कुणी सांगायचं?” तोवर काका गेलेले होते.

आणीबाणीत तर सांगण्याचा प्रश्नच उरला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यात पुरुष बहुसंख्य. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी उत्तर दिलं. त्या उत्तरातून सरकारांनी धडा घेतला, पण भलताच: पुरुषाच्या वाटेला जायचं नाही. तेव्हापासून सगळा भार बाईवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतः नसबंदी केलेली होती; नवऱ्याने केलेल्या ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, सोपं, त्याच दिवशी घरी. बाईचं पोटातलं. तरी आकडे असे. हे आकडे म्हणजे पन्नास वर्षं न बोलण्याचं फळ आहे.

१९८२ च्या गिरणी संपाने गिरणगाव मोडलं. आमच्यासारखी घरं डोंबिवली, विरारकडे सरकली. पण मुंबईत नव्याने येणारा गरीब माणूस त्याआधीपासूनच दुसरीकडे ढकलला जात होता. देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं. त्याच्या अंगाला सत्तरच्या दशकात शिवाजीनगर वसवलं गेलं. १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून माणसं चीता कॅम्पला नेऊन टाकली. गोवंडी-मानखुर्दचा हा पट्टा शहराच्या विकासाच्या यादीत कायम तळाला. १९८२ च्याच कृष्णन समितीने शहरांतल्या गरीब वस्त्यांसाठी हेल्थ पोस्टची शिफारस केली आणि त्या योजनेतून पुढे आमच्या पोस्ट उभ्या राहिल्या. वस्तीतल्याच बायका आरोग्य स्वयंसेविका म्हणून घेतल्या गेल्या. त्यांना सगळे सीएचव्ही म्हणतात, पगार नाही, मानधन.

आमच्या पोस्टचा जीव एका वहीत असायचा: पात्र जोडप्यांची नोंदवही. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. रकाने असे: घर क्रमांक, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, वय, हयात मुलगे, हयात मुली, शेवटच्या मुलाचं वय, पद्धत. पद्धतीच्या रकान्यात निरोध, गोळ्या, तांबी, ऑपरेशन, नाहीतर ‘काही नाही’. दोन मुलं आणि ‘काही नाही’ अशी ओळ दिसली की सीएचव्ही लाल पेनाने खूण करायची. मार्च जवळ आला की लाल खुणांच्या घरी फेऱ्या. टार्गेट होतं: इतकी ऑपरेशनं, इतक्या तांब्या. दरमहा मीटिंगला साहेब आकडा विचारायचे. किती जणींना समजावलं हे विचारलेलं मला आठवत नाही, आणि विचारलं असतं तरी वहीत त्याला रकाना नव्हता. १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेनंतर, एप्रिल १९९६ पासून केंद्र सरकारने टार्गेट अधिकृतपणे काढून टाकलं. मोठी गोष्ट झाली ती. पण वही तीच राहिली, आणि सवयही.

नव्वदच्या दशकात एका रोगाने आम्हाला तोंड उघडायला परवानगी दिली. एड्सच्या आधी निरोध हा शब्द मी कुजबुजत उच्चारत होते. एड्सनंतर तो पथनाट्यात, बसवर, टीव्हीवर आला. कामाठीपुऱ्यातल्या बायकांनी स्वतःच गट करून गिऱ्हाइकाला निरोध कसा घ्यायला लावायचा हे एकमेकींना शिकवलं. आपल्या शहरातलं लैंगिक शिक्षणाचं ते सर्वांत यशस्वी काम असेल, आणि ते ज्यांनी केलं त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. घरंदाज वस्तीत मात्र त्याचा उलटा परिणाम झाला. निरोध हे बाहेरच्या बाईकडे जाताना वापरायचं, अशी गाठ पडली. नवऱ्याने घरी आणलं तर बायको संशय घ्यायची.

२००७ मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ होऊन तो बंद पाडला गेला. पुस्तकातल्या आकृत्यांवरून संस्कृतीची काळजी वाहणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे लोक होते. १९३४ चा खटला पुन्हा उभा राहिला म्हणा, फक्त या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात आठवीतली मुलं होती आणि त्यांना वकील नव्हता.

समजावून सांगायला लागतं तरी किती? नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट सांगते. २०१७ नंतर सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ इंजेक्शन मिळू लागलं. तीन महिन्यांतून एकदा, फुकट, घरात कुणाला कळत नाही, म्हणून आमच्याकडच्या बायकांना आवडण्यासारखं. शिवाजीनगरची एक उत्तर प्रदेशातली बाई दोन इंजेक्शनं घेऊन तिसऱ्याला आलीच नाही. सीएचव्हीने तिला आणलं. ती माझ्याजवळ वाकून म्हणाली, “सिस्टर, महीना ही नहीं आता. खून कहाँ जमा हो रहा है?” सासूने सांगितलं होतं, अडलेलं रक्त डोक्यात चढतं. मी केसपेपरच्या पाठीवर पिशवी काढून दाखवली. दर महिन्याला ही आतून गादी घालते, पाहुणा येईल म्हणून. पाहुणा नाही आला तर गादी गुंडाळून बाहेर टाकते, ती पाळी. इंजेक्शन घेतलं की ती गादी घालतच नाही. मग बाहेर टाकायला काय असणार? इंजेक्शन सोडलं की काही महिन्यांनी पाळी परत येते, मूल हवं असेल तर होतं, थोडा उशीर लागतो. ती खूप वेळ चित्र बघत राहिली. मग विचारलं, ही पिशवी आणि लघवीची जागा एकच का? तीन मुलांची आई होती ती. सासूला दाखवायला कागद घेऊन गेली आणि इंजेक्शन चालू ठेवलं. या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागली असतील. त्या वेळात बाहेर ओपीडीची रांग खोळंबली आणि मला कुरकुर ऐकावी लागली.

तिची सोळा वर्षांची नणंद सोबत होती. दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिचं नाव आमच्या वहीत नव्हतं, असूच शकत नव्हतं, कारण वही १५ ते ४९ वयाच्या विवाहित बाईची. लग्न झालं की ती वहीत येणार, दुसरं मूल झालं की लाल पेनाच्या टप्प्यात येणार, आणि त्याआधी तिला काय हवं-नको ते फोनवर नाहीतर मैत्रिणीकडून. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ नावाची क्लिनिकं आहेत, पण त्या दारात शिरताना कुणी पाहिलं तर गल्लीत काय बोलतील, हे मुलीला आधी सुचतं. अठराच्या आतली मुलगी अडचणीत आली तर पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांत कळवावं लागतं, या भीतीने ती डॉक्टरकडे जातच नाही, मेडिकलवाल्याकडे गोळी मागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात अविवाहित बाईलाही गर्भपाताचा तोच हक्क आहे असं सांगितलं, आणि अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरने पोलिसांना देण्याची सक्ती नाही असंही सांगितलं. गोवंडीतल्या किती मुलींना, किती डॉक्टरांना आणि किती मेडिकलवाल्यांना हे ठाऊक आहे? हे सांगायला कुणाची नेमणूक झालेली आहे?

कुणी म्हणेल, आता सगळं गुगलवर आहे. आहे ना. पूर्वी लोकलच्या डब्यातल्या पाट्यांवरही सगळं होतं. गल्लीतल्या पोरांकडे स्वस्त डेटा आहे, आणि त्यावर ते जे बघतात त्यात बाईला कधी पाळी येत नाही, दिवस जात नाहीत आणि ती कधी नको म्हणत नाही. मुलींचे वर्ग घेऊन आम्ही कितीही घसा कोरडा केला तरी या पोरांशी कुणी बोललं नाही तर अर्धंच काम झालं. काकांशी कुणी बोललं नव्हतं, म्हणून काकू माहेरी गेल्या.

त्यामुळे मला नवं साधन नको आहे. तांबी चांगली आहे, अंतरा चांगलं आहे, बिनटाक्याची नसबंदी तर फारच चांगली आहे. मला वहीत रकाना हवा आहे. सीएचव्हीला आणि आशाताईला ऑपरेशनच्या केसमागे पैसे मिळतात. तसे ते गल्लीत घेतलेल्या तासाभराच्या बैठकीमागेही मिळावेत, आणि बैठकीत कुणी काय विचारलं ते लिहून घेतलं जावं. सातवी-आठवीत मुलगे-मुली दोघांना, दर वर्षी, नर्सने येऊन शिकवावं. शाळेतल्या बाईंवर ते टाकू नये, त्या पान उलटतात. रिक्षा स्टँडवर आणि कामगार नाक्यावर सकाळी पुरुष उभे असतात, त्यांच्याशी तिथेच बोलावं. डॉ. पै यांनी दवाखाना माणसाच्या वाटेत नेला होता, आता वर्ग न्यायचा आहे. याला यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. १९३८ च्या ठरावात आधी प्रचार होता आणि मग साधनं. विधानसभेने दोन्ही मागण्या नामंजूर केल्या, नंतरच्या सरकारांनी दुसरी मागणी पुरी केली आणि पहिलीचे पैसे त्यातच वळते केले. ते पैसे पहिल्या मागणीला परत द्या, आणि पुढच्या मार्चमध्ये मीटिंगला बसाल तेव्हा साहेबांनी हाही आकडा विचारावा.